उदाराम मुकादमाची घागर

उदाराम मुकादम रोज सकाळी एका घागरीला हवा खायला नेत असे.

थट्टा करत नाही. लढाई नुकती संपली होती तेव्हाची गोष्ट. अंगणात फटफटी उभी करायची, तिच्या बाजूला जोडलेल्या पाळण्यात तणस अंथरायचं, त्यावर काठोकाठ भरलेली पितळी घागर बसवायची, तिच्या चहूकडून गोधडी खोचायची आणि नागपूर-रायपूरच्या मोठ्या सडकेनं बैलाच्या चालीनं निघायचं, असा त्याचा नेम. परत आला की डोक्यावरची टोपी काढायच्या आधी तो घागरीत डोकावे. पाणी काठाशी असलं की स्वारी शीळ घालत घरात. बोटभर जरी सांडलं असलं तरी कपाळाला आठ्या, आणि लगेच फावडं-घमेलं घेऊन गडी पुन्हा सडकेवर.

मी सडक अर्जुनीच्या शाळेत मास्तर होतो आणि त्याच्या घराला लागूनच माझं घर होतं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं मी पोरांना शिकवत असे. पण शेजारी घागरीला फिरवून आणत असताना माणसानं घरात वर्तमानपत्र वाचत बसायचं म्हणजे काय! मी कुंपणाशी जाऊन उभाच राहायचो.

"उदारामभाऊ, हे काय चाललंय?"

"पानी पाऊन रायलो, गुरुजी."

"पाण्यात काय पाहता?"

"सडक," असं म्हणून तो आत निघून जायचा.

आता यावर माणसानं काय समजावं? गावात तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे नवस असेल. कोणी म्हणे लढाईतली फटफटी आहे, तिच्यावर गोऱ्या सोजिराचं भूत बसलंय, पाणी दाखवल्याशिवाय ते शांत होत नाही. माझी बायको म्हणाली, "मूलबाळ नाही हो त्यांना. घागरीलाच पाळण्यात घालतो बिचारा." हे ऐकून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी उदाराम त्याच घागरीला आईमाईवरून शिव्या देताना ऐकू आला, तेव्हा मी तो तर्क सोडून दिला आणि पोटभर जेवलो.

माणूस पहिल्यापासूनच तऱ्हेवाईक. जातीचा पोवार, वाडवडील कधीकाळी माळव्यातून आलेले. धानाची शेती भाऊ पाहायचे आणि हा एकटा सडक खात्यात. मुकादमाचं काम म्हणजे सडकेचा एक तुकडा सांभाळायचा. हाताखाली चार-पाच गडी. खड्डा पडला की मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मस ठोका. दुसरा खड्डा पडला की पुन्हा तेच. उदारामचा तुकडा गावापासून शशीकरणच्या पहाडीकडे जायचा. त्या तुकड्यावर शेणानं सारवायचं आणि रांगोळी काढायची तेवढी बाकी होती. एखाद्या लॉरीवाल्यानं तिथं करकचून ब्रेक लावला की हा फावडं घेऊन त्याच्या मागे. "काऊन बे, तुह्या बापाची सडक हाय का?" लॉरीवाले त्याच्या तुकड्यावरून देवळातून जावं तसे जात. तुकडा संपला की मग शिव्या देत.

राम राम, नमस्कार असलं काही त्याच्या तोंडात नसे. भेटला की एकच प्रश्न, "पुढची सडक कशी हाय?" गाडीवान असो, साधू असो, नवरदेव असो, सडकेनं कोणीही आला की उदाराम आडवा. नर्मदेकडे निघालेल्या एका बैराग्याला त्यानं दुपारभर बसवून घेतलं, भाकरी वाढली आणि वाटेतल्या प्रत्येक चढाची चौकशी केली. बैरागी शेवटी रडकुंडीला आला आणि चिलीम विसरून पळाला. एकदा मोठा साहेब तपासणीला आला. टोपवाला, नाकाच्या शेंड्यावर राग असलेला. साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, मुकादमाला काही मागायचं आहे का. सगळ्यांना वाटलं, हा पगाराचं बोलणार. हा म्हणाला, "साहेब तं लय दुरून आले. पुढची सडक कशी हाय इचारा." साहेब हसला आणि विलायतेपर्यंतची सांगू लागला. उदाराम समुद्रापाशी अडला. "मंग तिथं सडक नाई?" फार वाईट वाटलं त्याला.

कहर म्हणजे आमच्या गावचे जुने पोलीस पाटील वारले तेव्हा. सगळे मान खाली घालून बसलेले. उदाराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता याईची पुढची सडक कशी असन, गुरुजी?" मयताच्या घरी मला उपरणं तोंडात कोंबून बाहेर यावं लागलं. लोकांना वाटलं, गुरुजींना हुंदका आवरला नाही.

पण या प्रश्नाला हसायचं नाही असं गावात सगळे मानत, कारण भागरताबाई.

भागरताबाई म्हणजे उदारामची बायको. ऐन उमेदीत बैलगाडीनं माहेरी निघाली होती. उदारामच्या आजच्या हद्दीच्या पुढे, पहाडीच्या वळणावर, चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी उलटली. तेव्हापासून कंबर गेली ती गेलीच. पाय नुसते नावाला. उशाला कथऱ्या रचून ओसरीतल्या बाजेवर बसायची आणि दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कात्री. बोलायला मोठी फटकळ. बाजेवर बसल्या बसल्या ती सडकेवरून जाणाऱ्या बायांशी भांडत असे आणि जिंकतही असे. उदाराम दुपारी कामावरून येऊन तिला कुशीवर करी, पाठीला तेल लावी, जेवू घाली आणि पुन्हा जाई. तिला "बुढी" म्हणे. चाळिशीची होती बाई. ती म्हणे, "बुढी असन तुही माय!" आणि दोघं हसत.

तेव्हा गावाचं म्हणणं असं, की बिचाऱ्याच्या मनात तो खड्डा बसलाय. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढची सडक विचारतो. मीही तेच म्हणत असे. ऐकणारे डोळ्याला पदर लावत, आणि मला जरा बरं वाटे.

आता फटफटी. गोंदियाजवळ बिरसीला लढाईत विमानं उतरायला पट्टा केला होता. लढाई संपली, पलटण गेली आणि मागं राहिलेल्या सामानाचा लिलाव निघाला. लोकांनी कढया घेतल्या, तंबू घेतले. उदारामनं बैलजोडी विकली आणि पाळणा जोडलेली फटफटी घेऊन आला. चालवायला कोणी शिकवलं देव जाणे. वळताना तोंडानं "हाऽ हाऽ" करायचा आणि चढावर पुढं वाकून "चाल माह्या राजा" म्हणायचा. पोळ्याला तर त्यानं कमालच केली. बैल नाहीत म्हणून काय झालं? फटफटीला गेरूचे ठिपके दिले, हँडलला बाशिंग बांधलं, पाळण्यावर झूल टाकली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायला सुरुवात झाली तसा याला जोर चढला आणि यानं लाथ मारून ती सुरू केली. बाप्पा! बैल जे उधळले ते आमच्याकडल्या गोरेगावच्या बाजूला दिवेलागणीपर्यंत सापडत होते. गावानं महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ते कळलंच नाही, कारण तो सडकेवर घागर फिरवत होता.

पोळ्यानंतर पाऊस सरला, धान कापणीला आलं आणि एका बाजारच्या दिवशी बातमी फुटली. उदारामनं राजीनामा दिला. सरकारी नोकरी! महिन्याच्या महिन्याला पगार, अंगावर खात्याचा कोट, सडकेवर दरारा. अशा नोकरीसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या वशिले लावतात, आणि यानं ती अंगावरचं उपरणं काढून ठेवावं तशी काढून ठेवली. ओव्हरसीयर बाबू स्वतः सायकलवर समजवायला आले. मी कुंपणाशी होतोच.

"अरे पण कायले सोडतोस? जाणार कुठं?"

"सडकेनं."

"कुठवर?"

"सरते तिथवर."

"अन् सरली म्हणजे?"

उदारामनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "तिथं कोनी तं असन, बाबू. त्याले इचारीन, पुढची कशी हाय."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात टेकले होतेच, त्यांनीही टेकले.

मग मात्र गाव चिडलं. चार कर्ती माणसं आणि मी असे पाचजण त्याच्या अंगणात जाऊन बसलो. मलाच बोलायला लावलं, कारण मास्तर. मी म्हणालो, "उदारामभाऊ, तुम्ही जग बघा, चंद्रावर जा. पण ती बाई बाजेवर पडून आहे. तिला पाणी कोण देणार? लाज नाही वाटत?" चांगलंच लागेल असं बोललो. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तिले कोनी ठेऊन जाऊन रायलं?" तो म्हणाला. "पाळना कोनासाठी घेतला मंग?"

आम्ही पाचहीजण पाळण्यातल्या घागरीकडे बघत बसलो. मला माझ्या अकलेची कीव आली. इतके महिने ही घागर आमच्या नाकासमोरून जात होती. तिला गोधडी खोचलेली दिसत होती. आणि आम्ही गोऱ्याचं भूत शोधत होतो!

त्यानं मग सगळं समजावून सांगितलं, आनंदानं, हातवारे करत. पाणी सांडलं नाही तर बुढीला धक्का नाही. इतक्या महिन्यांत गाडी इतकी साधली होती की पहाडीचं वळण, पलीकडचा देवरीकडचा तुकडा, सगळीकडून घागर भरलीच्या भरली परत येई. देवरीकडचा मुकादम आळशी, म्हणून त्याच्या हद्दीतले खड्डेही यानंच सुट्टीच्या दिवशी भरले होते. त्यावरून दोघांची मारामारी झाली होती. पोटाचं म्हणाल तर ती विड्या वळेल, आणि सडक तिथं मजुरांची गँग असतेच, गँगला हात लागतातच. पेट्रोलचं परमिट मिळेल तेव्हा पुढं जायचं, न मिळेल तिथं राहायचं. घाई कोणाला आहे? "तिनंच म्हनलं जी," तो म्हणाला. "इतक्या सालात पयल्यांदा काई मांगितलं तिनं. मले जग दाखवा म्हने."

चारी कर्ती माणसं डोळे पुसत उठली. मीही उठलो; पण माझं समाधान झालं नव्हतं. माझा हा स्वभावच. दुसऱ्या दिवशी उदाराम गोंदियाला पेट्रोलच्या खटपटीला गेला, तशी मी शाळा लवकर सोडली आणि भागरताबाईंच्या ओसरीत जाऊन बसलो.

"बाई, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलंत तर तो एक पाऊल टाकायचा नाही."

"हव," ती विडी वळता वळता म्हणाली. "म्हूनच तं म्हनत नाई."

"पण तुम्हाला झेपेल का? घागरीतलं पाणी सांडत नाही म्हणून..."

"घागरीले हाडं असतेत का, गुरुजी?"

ती हसली आणि दातानं दोरा तोडला.

"इथं बाजेवर कूस बदलली तं जीव जाते माहा. फटफटीवर काय होईन, मले का समजत नाई?"

"मग काऊन म्हणालात जग दाखवा?" मीही तिच्याच बोलीत गेलो.

कात्री सुपात ठेवून ती सडकेकडे बघायला लागली. मग सांगितलं, ते तिच्याच शब्दांत सांगतो.

"साऱ्या गावाले वाटते, मी पडली म्हून ते सडक इचारतेत. तुमी बी तसंच सांगत फिरता. मी आयकतो ना इथून! कायले पडली म्हून? आमची वरात येत होती तवा गाडीवानाले इचारत होते, ह्या गावाच्या पुढची सडक कशी हाय? नवी नवरी बाजूले, अन् याईचं ध्यान सडकेवर! धानाच्या गाड्या रायपूराकडे जायच्या त्याईच्यासंगं दोनदा पळून गेले. घरचे शोधून शोधून आनत. मी म्हनो, जा, पन मले येऊन सांगजा काय पाह्यलं ते. येऊन सांगत. लय मस्त सांगत, गुरुजी. मंग मी पडली. त्या दिसापासून गाड्या बंद. मुकादमी धरली, कायले, तं दुपारी घरी येता येते. इतके साल झाले, येका बोलानं बोलून नाई दाखवलं का मले जाचं होतं. फक्त येनाऱ्या-जानाऱ्याले इचारतेत. अन् मी ह्या बाजेवर पडल्या पडल्या आयकतो."

ती थांबली. तिनं कात्री पुन्हा हातात घेतली.

"मले कायले जग पाहाचं हाय? मले माही ओसरी बरी. पन मले सोडून ते जातीन का? मेले तरी नाई जानार. म्हून म्हनलं, मले पाहाचं हाय, चाला घेऊन." मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "अन् त्याईले जर हे सांगितलं ना, गुरुजी, तं पाहून घेजा! मी लंगडी हाय, मुकी नाई."

मी सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मलाच माहीत.

निघाले त्या दिवशी सकाळी तिला बाजेवरून उचलून पाळण्यात ठेवायला मी हात लावला. काही वजनच नव्हतं बाईला. पाळण्यात इतकं तणस आणि इतक्या गोधड्या होत्या की तिचं नुसतं डोकं दिसत होतं. मांडीवर विड्यांचं सूप. उदाराम लग्नातल्यासारखा नटला होता. दहा वेळा विचारलं, "दुखते का, बुढे?" आणि दहा वेळा ती म्हणाली, "नाई जी, गादीवानी हाय. चाला ना आता, का मुहूर्त पाहता?" फटफटी सुरू झाली. तिनं डोळे क्षणभर मिटले, ते मी पाहिलं, आणि लगेच उघडून सडकेवरच्या बायांना ओरडून सांगितलं, की माझ्या दारातल्या चिंचेला कोणी हात लावाल तर याद राखा.

गाव बरेच दिवस सुनं वाटलं. सडकेवर खड्डे पडू लागले. नवा मुकादम खड्डा मोठा होईपर्यंत त्याच्याकडे बघत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात सडकेवरच्या चहाच्या दुकानात मी एका लॉरीवाल्याजवळ बसलो होतो. रायपूरच्या पलीकडून माल घेऊन आलेला. सवयीनं मी त्याला विचारलं, फटफटीवरचा एक माणूस, बाजूच्या पाळण्यात बाई, असं कोणी दिसलं का?

"वो पागल?" तो मोठ्यानं हसला. "आपके गाँव का है क्या? महानदी के किनारे मिला था, साहब. नाव की राह देख रहा था. इतना खुश, इतना खुश, कि क्या बताऊँ. मेरे को पूछा, आगे सडक कैसी है? मैं बोला, आगे सडक है कहाँ, गड्ढे ही गड्ढे हैं. तो और खुश हो गया! दौड के नदी देखने चला गया."

"आणि बाई?"

"ठीक थी. पसीना-पसीना हो रही थी, दाँत भिंचे हुए. मैं बोला, माई, बहुत दर्द हो रहा है क्या?" त्यानं चहाचा घोट घेतला आणि मान हलवली. "तो मेरे को डाँट दिया. बोली, धीरे बोल बेटा, वो सुन लेंगे."

मी माझी कपबशी खाली ठेवली.

"आदमी से बहुत डरती है बेचारी," लॉरीवाला म्हणाला.

मी हो म्हटलं आणि त्याच्या चहाचे पैसे देऊन बाहेर आलो. सडकेवर ऊन होतं. डोळे पुसत तिथंच जरा वेळ उभा राहिलो.